दोघांचा एक वायरलेस : चेस्टर नेझ, रॉय बेगे आणि नवाहो पलटण

कातळवाट (धागाकर्ता)

मागे इथेच महायुद्धातल्या सांकेतिक भाषांवर चर्चा चालू असताना नवाहोंचा, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीचा, विषय निघाला आणि त्यांच्या भाषेतून बनलेला, ‘जपान्यांना कधीच न फुटलेला कोड’ एवढ्यावर आटोपला. कोडबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. तो बोलणारी पोरं कोण होती, कुठून आली आणि एकमेकांच्या आधाराने कशी टिकली, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

चेस्टर नेझ आणि रॉय बेगे टुबा सिटीच्या सरकारी बोर्डिंग शाळेत एका खोलीत राहायचे. टुबा सिटी नावाचीच सिटी. अ‍ॅरिझोनाच्या उत्तरेला, नवाहो राखीव क्षेत्रातलं धुळीनं माखलेलं गाव. चेस्टर मूळचा शेजारच्या न्यू मेक्सिकोतला, चिचिल्टाह भागातला. त्याची विशी उलटली होती, पण शाळा अजून संपली नव्हती, कारण ही पोरं मुळात शाळेत उशिरा यायची. १९४२ च्या एप्रिलमध्ये मरीन कोअरचे, म्हणजे समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या अमेरिकी सैन्यदलाचे, लोक तिथे भरतीला आले. इंग्रजी आणि नवाहो दोन्ही उत्तम येणारे जवान हवेत, एवढंच सांगितलं. काम काय ते गुलदस्त्यात. दोघांनी आपसात ठरवलं आणि नावं देऊन टाकली.

या भरतीमागे फिलिप जॉन्स्टन नावाचा लॉस एंजेलिसचा एक सिव्हिल इंजिनिअर होता. तो मिशनऱ्याचा मुलगा, लहानपण नवाहोंमध्ये गेलेलं, भाषा येणारा. त्याने मरीन अधिकाऱ्यांना कल्पना सांगितली आणि २८ फेब्रुवारी १९४२ ला कॅम्प एलियट या मरीन तळावर जनरल व्होगेल यांच्यासमोर चार नवाहोंकडून प्रात्यक्षिक करून घेतलं. एका खोलीत इंग्रजी संदेश द्यायचा, दुसऱ्या खोलीत तो पुन्हा इंग्रजीत निघायचा. यंत्राने ज्याला अर्धा तास किंवा जास्त लागायचा ते काम मिनिटभरात. परवानगी मिळाली आणि पहिले २९ जण घेतले. पलटण क्रमांक ३८२, सगळेच्या सगळे नवाहो.

आता यातली एक गोष्ट सगळेच सांगतात : ज्या भाषेसाठी सरकारी शाळेत शिक्षा व्हायची तीच भाषा सरकारने मागितली. खरंच आहे ते. चेस्टर लहान असताना फोर्ट डिफायन्सच्या शाळेत नवाहोत बोलला म्हणून त्याचे दात कपडे धुण्याच्या साबणाने घासले होते. त्याचं ‘चेस्टर’ हे नावही शाळेनेच ठेवलेलं, एका जुन्या राष्ट्राध्यक्षाच्या नावावरून. २९ जणांतला वयाने सगळ्यात मोठा कार्ल गोर्मन. त्याला तर मिशनच्या शाळेत याच गुन्ह्यासाठी साखळीने बांधून ठेवलं होतं. भरतीच्या वेळी तो पस्तिशीला टेकलेला, तेव्हा वय कमी सांगून आत शिरला.

मला मात्र साबणापेक्षा मेंढ्यांची गोष्ट जास्त छळते. नवाहो घरात मेंढ्या म्हणजे दूध-मांस, लोकर, लग्नातली देवघेव, आजारपणातला वैदू, सगळं. कळप बऱ्याचदा घरातल्या बाईच्या मालकीचा. चेस्टरची आई तो लहान असतानाच गेली, त्याला आजीने वाढवलं. आजीचा कळप मोठा, आणि पोराचा दिवस त्या कळपामागे जायचा. १९३० च्या दशकात वॉशिंग्टनच्या साहेबांनी ठरवलं की चराई जास्त झाल्याने जमिनीची धूप होतेय आणि हा सगळा गाळ वाहत जाऊन कोलोरॅडो नदीवरच्या नव्या बोल्डर धरणात साचेल. मग मेंढ्या कमी करण्याची मोहीम निघाली. काही विकत घेतल्या. पण बाजारापर्यंत नेणं परवडत नाही म्हणून हजारो मेंढ्या-शेळ्या जागच्या जागी मारल्या. नेझ कुटुंबाच्या कळपातली शेकडो जनावरं खंदकात घालून जाळली, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. म्हाताऱ्या माणसांनी याला थेट ‘लाँग वॉक’च्या शेजारी बसवलं. १८६४ साली सैन्याने नवाहोंना घरांतून हुसकून पूर्वेला बोस्क रेडोंडोच्या छावणीत पायी नेलं होतं, सुमारे पाचशे किलोमीटर. वाटेत मागे पडले त्यांना गोळ्या. १८६८ च्या तहानंतर उरलेले परत आले.

मेंढ्या जळाल्या त्याला दहा वर्षंही झाली नव्हती, आणि हा मुलगा त्याच सरकारच्या सैन्यात आपणहून गेला. का, याचं चेस्टरने नंतर दिलेलं उत्तर अगदी सरळ होतं : आमचे लोक पूर्वीपासून आपल्या भूमीसाठी लढत आलेत, आणि ही भूमी आमचीही आहे. सरकार काल-परवाचं. त्यांच्या समजुतीप्रमाणे चार पवित्र पर्वतांच्या मधली जमीन त्याच्या कितीतरी आधीची.

प्रशिक्षणात त्यांना म्हणे काहीच जड गेलं नाही. पहाटे उठणं, रांगा, साहेबाची ओरड, डोकं भादरणं, हे सगळं बोर्डिंगमध्ये भोगून झालेलं. एकच पंचाईत म्हणजे पोहणं. वाळवंटातली पोरं ती. मग सगळ्यांना कॅम्प एलियटवर एका खोलीत बसवून सांगितलं, तुमच्या भाषेतून कोड बनवा. कोड त्यांनीच बनवला, कोणा साहेबाने नाही. सुरुवातीला दोनशेच्या थोडे वर शब्द, युद्ध संपेपर्यंत चारशेच्या वर. पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा, लढाऊ विमान म्हणजे हमिंगबर्ड, बाँबफेकी विमान म्हणजे गिधाड, बाँब म्हणजे अंडी, हातबाँब म्हणजे बटाटे, रणगाडा म्हणजे कासव. अमेरिका म्हणजे ‘आमची आई’. सगळं तोंडपाठ. मैदानावर कागद न्यायचाच नाही.

आणि आता मूळ मुद्दा. हे काम एकट्याचं नव्हतंच. टीबीएक्स नावाचा वायरलेस संच होता. त्याचा जनित्र हाताने फिरवावा लागे. एकाने हँडल मारायचं, दुसऱ्याने बोलायचं, दमला की अदलाबदल. चेस्टरच्या बरोबर रॉय. ४ नोव्हेंबर १९४२ ला ते पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर उतरले. चेस्टरने नंतर सांगितलेला त्याचा पहिला संदेश असा : शत्रूची मशीनगन तुमच्या उजव्या बगलेला, नष्ट करा. थोड्या वेळात सांगितल्या जागी तोफगोळे पडले. संदेश गेला रे गेला की जागा बदलायची, कारण जपानी तोफा वायरलेसवाल्यांच्याच शोधात. म्हणजे बोलणाऱ्याने मान खाली घालून कानात प्राण आणायचे आणि आजूबाजूला काय येतंय ते जोडीदाराने बघायचं. पावसाने भरलेल्या खड्ड्यात दोघं पाठीला पाठ लावून रात्र काढायचे. ग्वाडलकॅनाल, बोगनव्हिल, ग्वाम, पेलेलियू, अंगाउर, असा चेस्टरचा प्रवास.

एक गोष्ट मरीनच्या कोणत्याही नियमपुस्तकात नव्हती. नवाहो माणूस प्रेताला शिवत नाही. घरात कोणी गेलं तर ते घरही सोडून देतात, कारण मेलेल्याचं जे वाईट उरलेलं असतं ते मागे लागतं अशी श्रद्धा. आणि इथे किनाऱ्यावर पाय ठेवायलाच प्रेतांमधून. गोऱ्या सोबत्यांना हे समजवायचं कसं? ज्याला न सांगता कळेल असा माणूस खड्ड्यात शेजारीच होता. चेस्टरच्या खिशात मक्याच्या परागांची छोटी थैली असायची. चिमूटभर जिभेवर, मग डोक्यावर, मग पुढे हवेत सोडायचे आणि प्रार्थना. असं करणारा तो एकटा नव्हता.

घरी परतल्यावर त्याला मेलेले जपानी दिसू लागले. झोपेत आणि जागेपणीही. शेवटी घरच्यांनी ‘शत्रूमार्ग’ हा विधी केला. लढाईवरून आलेल्याला लागलेली शत्रूची पिशाच्चं उतरवण्यासाठी हा कित्येक दिवसांचा विधी असतो. गाणी, घोड्यावरची मंडळी, सगळा गोतावळा जमतो, जेवणावळी. खर्च मोठा. पण त्या एवढ्या माणसांतही तिकडे नेमकं काय केलं हे त्याला सांगता येत नव्हतं. सैन्यातून सोडतानाच तंबी होती : तोंड बंद. कोडवरची गुप्तता उठली थेट १९६८ ला. तोवर बापाला सांगायचं नाही, बायकोला सांगायचं नाही. बोलायचं तर फक्त ज्यांना आधीपासून माहीत आहे त्यांच्याशी.

पहिल्या २९ जणांना अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सुवर्णपदक मिळालं २६ जुलै २००१ ला. तेव्हा त्यातले पाचच जण हयात होते. चेस्टर त्यांतला एक. ४ जून २०१४ ला तो गेला, २९ मधला शेवटचा, वय ९३.

बाकी प्रतिसादांत बोलू.

---

मेतकूट

एका दमात वाचलं. मेंढ्यांचा भाग अजिबात माहीत नव्हता. धरणात गाळ येईल म्हणून मेंढ्या जाळायच्या! इतक्या भिकार कारणासाठी!!

---

गणिती_गोंधळ

लेख छान, पण एक शंका. जपान्यांनी एखादा नवाहो सैनिक पकडला असता तर? म्हणजे मग हा कोड फार तर ‘दुर्मीळ भाषा’ एवढाच. खरा कोड गणिती असतो, किल्ली बदलता येते.

---

कातळवाट

@गणिती_गोंधळ, पकडला होता की. जो कियूमिया. न्यू मेक्सिकोच्या २०० व्या किनारी तोफखान्यातला नवाहो. फिलिपिन्स पडल्यावर एप्रिल १९४२ मध्ये बंदी झाला, जपान्यांनी युद्धकैद्यांना बटानमधून उपाशीतापाशी चालवत नेलं त्या भयंकर पायपिटीतून जिवंत राहिला. चेहऱ्यावरून आधी जपान्यांना वाटलं हा अमेरिकेतला जपानीच आहे, घरभेदी. म्हणून मार. पुढे नवाहो संदेश कानावर यायला लागले तेव्हा हा नवाहो आहे म्हणून मार. त्याला संदेश ऐकवले. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ शून्य. कारण त्याने कोडचं शिक्षण घेतलंच नव्हतं, असा काही कोड आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगतोय तर विश्वास बसेना. बर्फात उघडं उभं केलं, पाय जमिनीला गोठून चिकटले, ढकलत आत नेलं तेव्हा तळव्यांची कातडी तिथेच राहिली. शेवटी तो होता नागासाकीच्या छावणीत, बाँब पडला तेव्हा. त्यातूनही वाचला!

म्हणजे दोन थर होते. वरचा थर भाषा, आतला थर शब्दांची ठरवाठरवी. आणि जे शब्द यादीत नाहीत, उदा. जागांची नावं, ती अक्षरं लावून. इवो जिमा या जपानी बेटावरच्या सुरिबाची डोंगराचं नाव त्यांनी असं पाठवलं : दिबेह, शिदा, दाहनेस्त्सा, त्किन, शश, वोलाची, मोआसी, लीन, येहहेस. म्हणजे मेंढी, मामा, एडका, बर्फ, अस्वल, मुंगी, मांजर, घोडा, खाज. या प्रत्येकाचं इंग्रजी करा आणि पहिलं अक्षर घ्या : शीपचा एस, अंकलचा यू, रॅमचा आर... लागलं ‘सुरिबाची’. नेहमी येणाऱ्या अक्षरांना नंतर दोन-दोन, तीन-तीन पर्यायी शब्द दिले, म्हणजे कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजून फोडता येऊ नये. तुमचं गणित त्यांनाही कळत होतं.

---

गणिती_गोंधळ

मानलं. मेंढी-मामा-एडका! पर्यायी शब्दांचा मुद्दा माहीत नव्हता, तो असेल तर माझी शंका बरीचशी मिटली. तरी महिनोन् महिने तीच यादी वापरणं हे धोक्याचंच. यादी फुटली असती तर सगळंच फुटलं असतं.

---

रानभूल

अहो पण मुख्य गोष्ट राहिलीच! प्रत्येक कोड टॉकरबरोबर (हा कोड बोलणाऱ्या नवाहोबरोबर) एक गोरा सैनिक अंगरक्षक असायचा आणि त्याला हुकूम असायचा की नवाहो शत्रूच्या हाती लागतोय असं दिसलं तर त्यालाच गोळी घाल. हॉलिवूडचा सिनेमाच आहे त्यावर. मैत्रीबद्दल लिहिताय तर याबद्दल लिहायला हवं होतं.

---

कातळवाट

@रानभूल, मुद्दाम लिहिलं नाही, कारण त्या सिनेमाने एका उडत्या गोष्टीला इतिहास करून टाकलंय. असा लेखी हुकूम आजवर पुढे आलेला नाही आणि मरीन कोअरने इन्कार केलाय. अंगरक्षक काहींना होते, अनेकांना नव्हते. आणि जे होते ते जपान्यांपासून वाचवायला कमी, आपल्याच लोकांपासून वाचवायला जास्त. विल्यम मॅककेब हा पहिल्या २९ मधला. ग्वाडलकॅनालवर रसदीच्या ढिगाऱ्यात संत्र्याचा रस शोधत फिरत होता. मागून बंदूक लागली. ‘मी मरीन आहे’ सांगून पटेना, कारण चेहरा. त्याच्या तुकडीतल्या माणसाने येऊन ओळख दिली तेव्हा सुटका. त्यानंतर त्याच्याबरोबर एक जण दिला गेला.

---

बारा_बलुतं

लेखी हुकूम नाही म्हणजे हुकूमच नव्हता असं कसं म्हणता? असले हुकूम लेखी देतं का कोणी?

---

कातळवाट

बरोबर, कोणी देत नाही. पण सिनेमाने ते ‘प्रत्येकाबरोबर, नेहमी’ असं करून टाकलं, ते टिकत नाही. शिवाय गोष्टीचा नायक गोरा अंगरक्षक झाला, ज्यांची गोष्ट ते बाजूला. माझा राग त्यावर जास्त आहे, हे कबूल.

---

फिनिक्सची_सुमा

मी गेली बरीच वर्षं अ‍ॅरिझोनात आहे. इथली मराठी मंडळी भारतातून पाहुणे आले की त्यांना घेऊन ग्रँड कॅनियन, अँटिलोप कॅनियन, मॉन्युमेंट व्हॅली अशी ठरलेली फेरी मारतात. मॉन्युमेंट व्हॅलीच्या आधी केयेंटा नावाचं गाव लागतं. तिथल्या बर्गर किंगमध्ये कोड टॉकर्सचं छोटंसं प्रदर्शन आहे. हसू नका, खरंच आहे. त्या दुकानाच्या मालकाचे वडील स्वतः कोड टॉकर होते, त्यांनी युद्धातून आणलेल्या वस्तू काचेच्या कपाटांत मांडल्यात. सासूबाईंना शाकाहारी काय मिळेल या विवंचनेत आम्ही आत शिरलो. मी काउंटरवर कांदा-टोमॅटो-चीज असं जोडून काहीतरी मागत होते आणि सासरे कपाटांसमोर उभे. ते स्वतः सिग्नल्समधून निवृत्त झालेले. फोटो बघत बघत म्हणाले, ‘अगं, बोलणाऱ्याचा फोटो सगळे काढतात, पण हँडल मारणाऱ्याचे हात बघ.’ कातळवाट, तुमचा लेख वाचताना तेच आठवलं.

विंडो रॉकही बघण्यासारखं आहे, नवाहो नेशनची राजधानी. लाल दगडाच्या कमानीखाली स्मारक आहे, गुडघ्यावर बसून वायरलेसवर बोलणारा सैनिक. तिथे फोटो काढताना जरा विचारून काढा आणि मोठ्याने गप्पा मारू नका. आपल्या लोकांना हे सांगावं लागतं.

---

कातळवाट

सुमाताई, सासऱ्यांना नमस्कार सांगा. जोडीचे दोन फोटो मलाही फार आवडतात, जालावर सहज सापडतील. एक डिसेंबर १९४३ चा, बोगनव्हिलवरचा. हेन्री बेक आणि जॉर्ज कर्क, दाट झाडीत साफ केलेल्या जागेत वायरलेस घेऊन बसलेले. दुसरा जुलै १९४३ चा, ऑस्ट्रेलियातल्या बॅलारॅटचा, त्यात प्रेस्टन आणि फ्रँक टोलेडो. हे दोघं चुलतभाऊ-मावसभाऊ असं काहीतरी नातं लागणारे, तोफखान्यातले. नवाहोंमध्ये नाव विचारण्याआधी आईचं कूळ कोणतं, बापाचं कूळ कोणतं हे सांगायची पद्धत आहे. त्यामुळे परक्या बेटावर नवा नवाहो भेटला की कुळं जुळवून दोन मिनिटांत तो भाऊ नाहीतर मामा निघायचा.

---

मेतकूट

हे तर आपल्याकडच्या ‘गाव कोणतं, आडनाव काय, मग अमक्यांचे कोण’सारखंच झालं :)

---

जुनाट_पेटी

इवो जिमावर झेंडा रोवतानाच्या त्या जगप्रसिद्ध फोटोत एक रेड इंडियन आहे ना? तो पण कोड टॉकर होता का?

---

रानभूल

नाही. तो आयरा हेज. तो नवाहो नव्हता, अ‍ॅरिझोनातल्याच पिमा जमातीचा. मरीनच, पण कोडशी संबंध नाही. फोटो २३ फेब्रुवारी १९४५ चा. त्याला देशभर फिरवलं, युद्धाचे रोखे विकायला. त्याला ते झेपलं नाही, खरे वीर तिथेच मेले असं म्हणत राहिला. दारूच्या आहारी गेला आणि १९५५ ला ३२ व्या वर्षी मेला. आणि ‘रेड इंडियन’ नको म्हणायला, जमातीचं नाव माहीत असेल तर तेच घ्यावं.

---

कातळवाट

धन्यवाद रानभूल. इवो जिमाचं इथेच जोडतो. पाचव्या मरीन डिव्हिजनचे सिग्नल अधिकारी मेजर हॉवर्ड कॉनर यांच्या हाताखाली पहिल्या ४८ तासांत नवाहोंची सहा वायरलेस जाळी रात्रंदिवस चालू होती. आठशेहून जास्त संदेश, एकही चूक नाही. नवाहो नसते तर मरीनना इवो जिमा घेताच आलं नसतं, असं कॉनर म्हणाले. चेस्टर तिथे नव्हता, त्याला त्याआधीच मायदेशी पाठवलं होतं. पण त्या संदेशांतले बरेच शब्द त्या २९ जणांनी कॅम्प एलियटच्या खोलीत बसून ठरवलेले होते. एकूण सुमारे चारशे नवाहो या कामावर होते, त्यांतले तेरा युद्धात मेले. आयरा हेज आणि चेस्टर यांची गोष्ट शेजारी ठेवली तर एक फरक दिसतो : हेजच्या भोवती सतत गर्दी होती आणि त्यात त्याची भाषा बोलणारं कोणी नव्हतं.

---

बारा_बलुतं

तुम्ही मैत्रीवर जोर देताय ते ठीक. पण मला यात मैत्रीपेक्षा फसवणूक जास्त दिसते. युद्धानंतर यांना मिळालं काय? मतदानाचा हक्क तरी होता का?

---

कातळवाट

नव्हता. १९२४ च्या कायद्याने सगळे मूळनिवासी नागरिक झाले होते, पण अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोने मतदान अडवून धरलं होतं. न्यू मेक्सिकोचा युक्तिवाद : कर भरत नाहीत. अ‍ॅरिझोनाचा : हे लोक सरकारच्या पालकत्वाखाली आहेत, म्हणजे कायद्याने अज्ञानच. दोन्ही ठिकाणी १९४८ साली न्यायालयातून हक्क मिळाला. न्यू मेक्सिकोतला खटला मिगेल त्रुहियो यांनी लढवला. ते पुएब्लो समाजाचे शिक्षक आणि स्वतः मरीनमध्ये राहिलेले.

चेस्टरची एक हकीकत आहे. युद्धावरून परतल्यावर तो गणवेशातच ओळखपत्र काढायला सरकारी कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने ऐकवलं, तू पूर्ण नागरिक नाहीस, तुला मतसुद्धा देता येत नाही.

घराचं आणखी वेगळं. परतलेल्या सैनिकांना घरासाठी कर्जाला सरकारी हमी मिळायची. पण राखीव क्षेत्रातली जमीन सरकारने विश्वस्त म्हणून धरलेली, माणसाच्या नावावर सातबारा असा काही नाहीच. तारण काय ठेवणार? बँका कर्ज देत नसत. योजना कागदावर सगळ्यांना सारखी होती.

चेस्टर पुढे कॅन्ससच्या विद्यापीठात चित्रकला शिकला. पैसे संपले म्हणून पदवी राहिली, ती विद्यापीठाने २०१२ साली दिली. पोटासाठी अल्बुकर्कच्या सैनिकी रुग्णालयात रंगारी म्हणून कित्येक वर्षं नोकरी केली. भिंतींवर चित्रंही काढली. उतारवयात मधुमेहाने दोन्ही पाय गेले.

फसवणूक म्हणा, माझी हरकत नाही. पण चेस्टर स्वतः तसं म्हणत नसे. त्याच्या बोलण्यात अभिमान आणि राग दोन्ही एका वाक्यात असायचे. आपण बाहेरून येऊन त्यातला एकच निवडणं मला बरोबर वाटत नाही.

---

बारा_बलुतं

निवडत नाही. पण सैन्यात घ्यायचं आणि गावात बाहेर ठेवायचं हा प्रकार आपल्याला नवा नाही, म्हणून बोललो. महार सैनिकांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबवली, आणि गरज पडली तेव्हा १९४१ ला महार रेजिमेंट उभी केली. आमच्या पणजोबांच्या पिढीला ही दोन्ही टोकं माहीत होती. बिल्ला छातीवर आणि पाणवठा लांबचा. तेव्हा चेस्टरच्या त्या कारकुनाला मी चांगला ओळखतो.

---

कातळवाट

यावर वाद घालायला माझ्याकडे काही नाही. यावर तुम्हीच सविस्तर लिहा, खरंच.

---

जुनाट_पेटी

गुप्ततेचं कळलं नाही. युद्ध १९४५ ला संपलं, मग १९६८ पर्यंत का दडवून ठेवलं?

---

गणिती_गोंधळ

सोपं आहे. न फुटलेला कोड कोणी जाहीर करत नाही, पुढच्या युद्धात लागू शकतो. ब्रिटिशांनीही जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचा कोड फोडल्याची गोष्ट १९७० च्या दशकापर्यंत दाबून ठेवली होती. यात कोणाचा आकस नसतो, खात्याची सवय असते.

---

फिनिक्सची_सुमा

खात्याची सवय, मान्य. पण गुप्तता उठल्यावरही मुख्य पदक २००१ ला! मधे १९८२ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १४ ऑगस्ट हा कोड टॉकर दिन जाहीर केला, तो इथे अजून पाळतात. सुवर्णपदक पहिल्या २९ जणांना, रौप्यपदकं नंतरच्यांना. ती विंडो रॉकला दिली. बहुतेकांची घरच्यांनीच घेतली. जॉन किन्सेल ऑक्टोबर २०२४ मध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी गेले, तेव्हा नवाहो नेशनने झेंडे अर्ध्यावर उतरवले होते.

---

रानभूल

मला एक सांगा, दोघंही युद्धातून परत आले का? रॉयबद्दल लेखात शेवटी काहीच नाही.

---

कातळवाट

हो, दोघंही परत आले. रॉयने चेस्टरसारखं पुस्तक सांगितलं नाही, त्यामुळे आपल्याला रॉय दिसतो तो बहुतेक चेस्टरच्या नजरेतून. २९ जणांच्या यादीत मात्र दोन्ही नावं आहेत. अजून एक सांगायचं राहिलं : २९ पैकी जॉन बेनाली आणि जॉनी मॅन्युएलिटो या दोघांना पुढच्या तुकड्या शिकवायला मागे ठेवलं होतं. बाकी सगळे पॅसिफिकवर. पुढे जी चारशे पोरं तयार झाली त्यांच्या तोंडी एकसारखे शब्द बसले ते या शिकवणीमुळे. लढाईत दोन वेगळ्या डिव्हिजनचे, आधी कधी न भेटलेले नवाहो तारेच्या दोन टोकांना असले तरी अडत नसे.

---

मेतकूट

नवाहोच का घेतले पण? अमेरिकेत एवढ्या जमाती आहेत.

---

कातळवाट

एक तर जॉन्स्टनला तीच येत होती. दुसरं, तेव्हा नवाहो पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे मोठी जमात, दोन्ही भाषा येणारी पुरेशी पोरं मिळू शकत होती. पण ते पहिले नव्हेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ऑक्टोबर १९१८ ला चोक्टॉ सैनिकांनी टेलिफोनवर हेच केलं होतं. दुसऱ्या युद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडीत कोमांचे जमातीचे सैनिक होते, चौथ्या डिव्हिजनबरोबर यूटा किनाऱ्यावर उतरलेले. नवाहोंचा व्याप मोठा म्हणून नाव त्यांचं झालं.

---

गणिती_गोंधळ

चोक्टॉवर मी वाचलंय थोडं, तिथे सुरुवातीला आधीपासून ठरवलेला कोडच नव्हता, ऐन वेळी सुचलेली युक्ती होती. त्यावर वेगळा धागा काढतो. इथे नको, प्रतिसाद फार खाली जातायत.

---

कातळवाट

काढा. दुवा इथे द्या म्हणजे झालं. आणि @बारा_बलुतं, तुमच्याही धाग्याची वाट बघतोय.